लेकीच्या घरचं पाणी

माय, तुझ्या नवऱ्यानं मला येडं करायचं ठरवलंय, आणि त्यात तुझाही हात आहे हे मला मागच्याच महिन्यात कळलं. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. एक तर तुला वाचता येत नव्हतं आणि दुसरं म्हणजे मला तुझा राग होता. वाचता तुला आताही येणार नाही. पण या रागाचं काय करायचं ते मला कळेना झालंय, म्हणून आज सुट्टी बघून बसलेय. बापू आत झोपलेत. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खिडकीच्या काचेला बोट लावलं तर चटका बसतो, आणि आत एसीच्या गारठ्यात मी शाल पांघरून बसलेय, अशी इथली तऱ्हा.

मी शारजात राहते आता. समुद्राच्या पलीकडं, अरबांच्या मुलखात. पन्नाशी उलटल्यावर कोण परदेशी जातं म्हणशील, पण औरंगाबादचा दवाखाना बंद पडला आणि इथं नर्सची नोकरी मिळत होती. मागच्या वर्षी आले तेव्हा वसतिगृहात चौघींत एक खोली होती. यंदा बापूंना आणायचं ठरलं आणि चौथ्या मजल्यावर हा फ्लॅट घेतला. फ्लॅट म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. न्हाणीघर मात्र एवढं की आपली दोन वासरं बांधता येतील. आयुष्यात पहिल्यांदा घराच्या करारावर माझं एकटीचं नाव आलं गं. पहिल्या दिवशी रिकाम्या फरशीवर मांडी घालून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, आता इथून मला कुणी जा म्हणायचं नाही. मग उठून नळ सोडला, तर गार पाण्याच्या नळाला हात भाजणारं पाणी. टाकी गच्चीवर, उन्हात तापलेली. खालचा पठाण वॉचमन हसला. म्हणाला, उन्हाळ्यात इथं गीझर बंद ठेवायचा आणि त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचं. असा उलटा देश.

वडीगोद्रीच्या माणसाला ऊन दाखवू नये, असं मी सगळ्यांना ऐकवत आले होते. पण आपलं ऊन कोरडं. अंग भाजतं, पण घाम वाळतो, लिंबाखाली टेकलं की जीव ठिकाणावर येतो. इथं घाम वाळतच नाही. सावलीत उभं राहिलं तरी अंगातून पाणी जातच राहतं. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं रामायण पाण्यावरून आहे.

बापूंना आणलं, कारण मागच्या हिवाळ्यात ते गोठ्यात पडले आणि दुपारपर्यंत तिथंच पडून होते. चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, "बाई, आता तूच बघ. आमच्याच्यानं होत न्हाई." मला सख्खा भाऊ नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक. शेत बटईनं दिलं, गाय दिली, आणि चैत्रात बापू विमानात बसले. बाहेर आले ते धोतर, टोपी, आणि गाडीवर ही भलीमोठी बोचकी. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, मीठ, शेंगदाण्याची चटणी. वरती तुझा तो पितळी तांब्या, फडक्यात गुंडाळलेला.

"बापू, इथं समदं मिळतं. कामून एवढं ओझं आणलं?"

"आसू दे. लागंल."

घरी आल्या आल्या मी गूळ-पाणी पुढं केलं. त्यांनी गूळही घेतला नाही आणि पाणीही. "ठुव तिथं," म्हणाले, आणि विमानात मिळालेली बाटली खिशातून काढून तिच्यातलं उरलेलं प्यायले. मला वाटलं, म्हातारा थकलाय. संध्याकाळी पुन्हा दिलं. पुन्हा "ठुव." ते 'ठुव' मी ओळखलं, माय. ते तुझं होतं.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी घेऊ नये, ही रीत मला काय ठाऊक नाही? सगळ्या गावात होती. पण लोक वर्ष-दोन वर्षं पाळतात, मग तोंड ओलं करतात, चहा घेतात, हसून सोडून देतात. तू कधी सोडलं नाहीस. अंबडला माझ्या सासरी यायचीस ती हातात हाच तांब्या घेऊन, वर फुलपात्र झाकलेलं. ओट्याच्या कडेला बसायचीस, पाहुणी नव्हे, तगादा करायला आलेल्या माणसासारखी. सासू चहा पुढं करायची, तू म्हणायचीस, "उपास हाय." सासू एकदा मला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या मायला आमचं पाणी कडू लागतं काय?" त्या दिवशी तू गेल्यावर मी भांडी घासताना इतकी रडले की राख आणि पाणी एक झालं. मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते. वांझ लेकीच्या घरचा घोट तुझ्या घशाखाली उतरत नाही.

मग तुझ्या जावयानं मला सोडलं, दुसरी केली, आणि मी औरंगाबादला नर्सिंग शिकायला गेले. भाड्याची खोली घेतली. तिथं ना सासू, ना नवरा. म्हटलं, आता तरी. तू आलीस, तांब्या घेऊन. पण तेही सोडून दे. तू कावीळ होऊन जालन्याच्या दवाखान्यात पडलीस तेव्हा मी माझ्या खोलीवरून पाणी उकळून, गार करून, थर्मासमध्ये भरून यष्टीनं आणलं होतं. नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं माझं. रोज परक्या माणसांच्या तोंडात चमचा धरत होते. तुझ्या ओठाला चमचा लावला आणि तू ओठ मिटून घेतलेस. डोळे उघडे होते तुझे. माझ्याकडं बघून मिटलेस. बापूंनी वॉर्डातल्या नळाचं पाणी आणलं, ते प्यालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस आणि तो थर्मास मी दवाखान्याच्या मागं गटारात रिकामा केला. लेक म्हणून शेवटचं पाणी सुद्धा तू मला घालू दिलं नाहीस. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर आता बापू. माझ्या घरात, माझ्या समोर, तुझंच 'ठुव.' मी चिडले, हसले, गोड बोलून बघितलं. ते शांत. त्यांनी आपला हिशेब लावलेला होता. पीठ गावचं, मीठ गावचं, मग भाकरी चालते. शेगडी माझी, मग आच? "आच कुनाचीबी चालती. आग्नी हाय." मग पीठ मळायला पाणी? इथंच अडलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर बापू घरात नाहीत. जीव उडाला माझा. खाली धावले तर हे धोतराचा सोगा सावरत, तांब्या खांद्याशी धरून, रस्त्याच्या कडेनं येऊन राह्यलेले. कोपऱ्यावर मशिदीच्या भिंतीला गार पाण्याचं यंत्र लावलंय, तोट्यांचं. येणारा-जाणारा पितो, बांधकामाची माणसं कॅन भरून नेतात. वॉचमननं त्यांना दाखवलं होतं. आपल्या मोडक्या हिंदीत बापूंचं त्याच्याशी बराबर जमलं.

"पाणपोई हाय गं इथं," बापू मला म्हणाले. चेहरा असा उजळला होता की या देशात आल्यापासून तसा पहिल्यांदाच बघितला. "येकदम थंडगार."

"आन् ते पाणी चालतं तुम्हाला?"

"ते कुनाचं बी न्हाई. समद्याचं हाय."

पाणपोई म्हटलं की मी सहा वर्षांची होते. फाट्यावरच्या लिंबाखाली तुम्ही दोघं दर उन्हाळ्यात तीन रांजण मांडायचात, वाळूत बसवून, भोवती ओलं गोणपाट. पहाटे तू विहिरीवरून पाणी आणायचीस, मी पाणी वाढायचं ओगराळं धरून बसायची. शहागडाकडून येणारे ट्रकवाले थांबायचे, अंकुशनगरच्या कारखान्यावर जाणारी माणसं थांबायची. एकदा एक माणूस आला, अंगावर नुसता धुरळा. मी त्याला मोठ्या ऐटीत विचारलं, कुठल्या गावचे तुम्ही? तू मागून आलीस आणि माझ्या पाठीत अशी धपाटी घातलीस की ओगराळं रांजणात पडलं. "तहानलेल्याला गाव इचारू नये!" असं ओरडलीस. तो माणूसच मध्ये पडला, म्हणाला, जाऊ द्या बाई, लेकरू हाय. मला ती धपाटी आजही आठवते. आणि आठवली की वाटतं, परक्याला गाव विचारू न देणारी तू, तुझ्या पोटच्या पोरीला मात्र आयुष्यभर विचारत राहिलीस, मूल आहे का?

तर बापू रोज सकाळी खाली जायचे, तांब्या भरायचे, वर यायचे. मी म्हटलं, मी भरून आणते. "तू आनलं की तुझ्या घरचं झालं." बाटल्या विकत आणल्या. "पैसा तुझा, मंग पाणी तुझंच की." अगं पण तांब्यात मावतं केवढं? तेवढ्यात पीठ मळायचं, तेवढ्यातच प्यायचं. उरलं तर उद्याला. मी नर्स आहे गं. माझ्या डोळ्यासमोर त्यांची जीभ कोरडी पडत होती, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, आणि माझ्या स्वयंपाकघरात तीन नळ होते. आरडाओरडा केला. जेवण सोडलं एक दिवस. ते नुसते म्हणायचे, "तरास करून घेऊ नको, पोरी. मला सवय हाय."

जुलैत एका दिवशी गुडघा धरला म्हणून ते सकाळी उतरले नाहीत. मी ड्युटीवर. दुपारी तहान सहन होईना, तेव्हा उतरले. भर दुपारी, ज्या वेळी इथं रस्त्यावर काम करायलाही मनाई असते. वॉचमनला ते भिंतीच्या कडेला बसलेले दिसले. बसलेले म्हणजे कलंडलेले. तांब्या भरलेला होता आणि सरळ उभा होता, सांडला नव्हता. हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बापूंच्या दोन्ही हातांना सलाईन लावलेलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडला. म्हणाला, तुम्ही स्वतः नर्स, घरात म्हातारा माणूस एवढा सुकेपर्यंत काय करत होतात? मूत्रपिंडांवर ताण आलाय, अजून एकदा असं झालं तर परत आणायची गरज पडणार नाही. मी खुर्ची ओढून बापूंच्या उशाशी बसले आणि बाटलीकडं बोट दाखवून विचारलं, "हे चालतं का मंग?"

"हे दवाखान्याचं हाय," बापू म्हणाले. ओठ फुटलेले, आवाज घोगरा, पण उत्तर तयार.

तेव्हा माझा बांध फुटला, माय. पडद्यापलीकडं दुसरे पेशंट होते, त्यांना मराठी कळत नव्हतं हे नशीब. मी म्हणाले, "मायनं मरताना माझ्या पुढ्यात तोंड मिटलं. आता तुम्हीबी मिटा. येकदाचं सांगा तरी, मी केलं काय? मला लेकरू न्हाई झालं हाच गुन्हा ना? मंग तिथंच मरू द्यायचं होतं तुम्हाला गोठ्यात, इथं कामून आणलं मी?" असं बोलले. बापाला. बोलून गेल्यावर तोंडावर हात ठेवला, पण शब्द काय परत येतात?

बापू छताकडं बघतच म्हणाले, "तसं न्हाई ते." आणि सांगितलं. माझ्या लग्नाला चौथं वर्ष लागलं तेव्हा तू अंबडच्या देवीच्या पायऱ्यांवर बसून नेम बोललीस म्हणे. लेकीची कूस उजवेस्तोवर तिच्या घरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही. "मी म्हणलो तिला, अगं रीत हाय तेवढी बास, हे आनखी कशाला? तं म्हणली, रीत समदेच पाळत्यात. कडक काई बोलल्याबिगर देवी ऐकत न्हाई." आणि जाताना तू त्यांच्या हातावर हात ठेवलास. "म्हणली, मह्या मागं तुमी चालवा. आर्ध्यात सोडला तं पोरीला बाधंल. मंग मी कसं पिऊ?"

"आन् मला सांगितलं कामून न्हाई? इतकी वर्षं?"

"सांगितला की नेम फुकट जातो." मग म्हणाले, "आता गेलाच म्हना. सांगून बसलो."

मी त्यांचा हात धरून बसले. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं तुझ्या मिटलेल्या ओठांवर मी माझा राग पोसला, आणि ते ओठ माझ्यासाठी मिटलेले निघाले. बरं वाटायला पाहिजे होतं ना? नाही वाटलं. उलट अंगाची आग झाली. कुणी सांगितलं होतं तुला? मला मूल नको होतं गं तेव्हा. मला तू हवी होतीस. माझ्या घरी येऊन, पाय पसरून, "च्या टाक गं" म्हणणारी.

घरी आणल्यावर डॉक्टरनं सांगितलेलं सगळं मी बापूंना पुन्हा सांगितलं. बाहेर पडायचं नाही, दिवसभर पाणी प्यायचं. वॉचमन बिचारा रोज सकाळी पाणपोईचा कॅन वर आणून ठेवायला लागला. पण बापू घोट-घोट मोजूनच. "परक्या मानसाला किती येरझारा घालायला लावू?" शेवटी एका दुपारी मी समोर बसले आणि लाज गुंडाळून ठेवून बोलले. "बापू, मी एक्कावन्न वर्षांची हाय. माझी पाळी थांबून तीन वर्षं झाली. आता कुठली कूस उजवती? नेम संपला. देवीनं काय ते उत्तर दिलं."

बापूंनी मान फिरवली. लेकीनं बापापुढं असं बोलायचं नसतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. "आसं बोलू नये," म्हणाले. "ते आपल्या हातात न्हाई. जिनं घातला तिनंच सोडवावा." आणि कूस बदलून झोपले. आता जिनं घातला तिला मी कुठून आणू? दोन दिवस मी याच एका वाक्याभोवती फिरत होते. दवाखान्यात इंजेक्शनं भरताना, बसमध्ये, भाकरी थापताना. ही इथली विजेची शेगडी, तिला जाळ नाही, भाकरी फुगत नाही, तशीच चपटी राहते, आणि बापू काही न बोलता तीच खातात. त्या दिवशी भाकरी उलटता उलटता मला सुचलं.

सकाळी ते उठून बसले तेव्हा मी पुढ्यात जाऊन बसले आणि म्हणाले, "बापू, माय आल्ती सपनात."

त्यांनी तपकिरीची डबी खाली ठेवली. "खरं?"

"खरंच."

"लुगडं कोन्तं नेसल्ती?"

तोंडातून आपोआप गेलं, "हिरवं. आपण नेसवलं होतं ते." तू सवाष्ण गेलीस, हिरव्या लुगड्यात नेली आम्ही तुला, हिरवा चुडा भरून. बापूंनी हळूहळू मान हलवली. बराबर, असं पुटपुटले.

"बोलली काई?"

"बोलली. चिडल्ती. म्हणली, त्याह्यला म्हनावं, लई झाला नेम. मी सोडलाय, तुमीबी सोडा. म्हातारपणी उगं पोरीच्या जिवाला घोर लावू नका. गप पाणी प्या." तुझा आवाज काढला मी, तो तुझा कमरेवर हात ठेवल्याचा आवाज. आणि बापू हसले गं. डोळ्यांतून पाणी आलं आणि हसले. "तिचंच बोलनं," म्हणाले. "मेलेलं मानूस सपनात येऊन खोटं बोलत न्हाई." मी उठले, माझ्या नळाचं, माझ्या माठातलं, माझ्या पेल्यातलं पाणी आणून दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. कपाळाला लावला. सगळा प्यायले, एका दमात, गळ्याचा मणी वरखाली होताना मी बघत होते. रिकामा पेला पुढं केला आणि म्हणाले, "आजून."

तर आता बापू पाणी पितात. रक्त पुन्हा तपासायला दिलंय, त्याचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. उशीर झाला की वेळेत झालं ते त्यात कळेल. मला झोप लागत नाही. पण मी फसलेय, ते वेगळंच. बापू रोज सकाळी विचारतात, "आल्ती का?" कधी मी नाही म्हणते, तर तोंड एवढंसं होतं. म्हणून कधी हो म्हणते. म्हणते, गायीचं विचारत होती. म्हणते, लिंबाला लिंबोळ्या आल्या का विचारत होती. माझ्याकडचं संपत आलंय, माय. आणि परवा म्हणाले, "पुन्यांदा आली तं इचार तिला, मी कधी येऊ?" पेला हातात होता माझ्या. मी म्हणाले, "इचारलं मी. म्हणली, एवढ्यात नका येऊ, रांजण घासायचेत आजून." बापूंनी माझ्या हातातला पेला घेतला. त्यांना ते पटलं असावं, तुझ्या रांजण घासण्याला किती वेळ लागायचा ते त्यांना ठाऊक आहे.

तू आली नव्हतीस. हे तुला मी काय सांगायचं, तुलाच ठाऊक. इतक्या वर्षांत तू माझ्या स्वप्नात एकदाही आली नाहीस. आता येऊ नको म्हणत नाही, पण आलीस तर माझ्याकडं ये. त्यांच्याकडं जाऊ नकोस. त्यांनी तुला विचारलं तर तू खोटं बोलणार नाहीस, आणि बोलावलंस तर ते लगेच उठतील.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी दुसरा पेला पिऊन झाल्यावर बापूंनी तोंड पुसलं आणि विचारलं, "आन् तुला काय म्हणली?" माझ्यासाठी मी काही ठरवलंच नव्हतं. सगळी तयारी त्यांच्यापुरती केली होती. तरी तोंडातून गेलं, "म्हणली, तुझ्या हातचं पाणी मलाबी प्यायचं होतं गं." आणि म्हणताना माझा आवाज फाटला, कारण ते कुणाला फसवायला नव्हतं.

बापूंनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "व्हय. म्हणायची ती. अंबडाहून यष्टीनं आलो की फाट्यावर उतरून आधी रांजणातलं पाणी घटाघटा प्यायची. आन् म्हणायची, पोरीच्या हातचं आसतं तं गोड लागलं आसतं. दर बारीला म्हणायची."

बापू आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. मीही बोलले नव्हते, त्या सकाळपर्यंत. तू खरंच तसं म्हणायचीस, की मी त्यांच्यासाठी केलं तेच त्यांनी माझ्यासाठी केलं, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आता आतून हाक येतेय, पाणी मागतायत. जाते.